भुंग्यांचा लखमा

भोकरवाडीत कुणाला काही डसलं-चावलं की माणसं अजूनही लखमाच्या अंगणात येतात. जुनी सवय. चावलेला हात किंवा पाय पुढे करतात आणि तो काय म्हणतो याची वाट बघतात. लखमा त्या हाताकडे बघतसुद्धा नाही. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घालतो आणि विचारतो, "जीप कोणाची हाय आज?"

"बाबा, गांधीलमाशी हाय नुसती. डोळ्यांनी बघितली मी."

"डोळ्यांनी मीपण बघितला होता. चल."

मग तो स्वतः जीपमध्ये पुढे बसतो, टोकावड्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत जातो आणि डॉक्टर 'काही नाही, जा घरी' म्हणेपर्यंत बाकावरून उठत नाही. गांधीलमाशीसाठी जीप करून येणारा म्हातारा म्हणून तिथल्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसतात. हसू देत बापड्या. हा माणूस एके काळी भुंगा नुसत्या आवाजावरून ओळखायचा आणि त्याच्या शब्दावर पाच वाड्यांतली माणसं निर्धास्त झोपायची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

टोकावडे हे मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्त्याला ढाबे, आणि ढाब्यांवर घाट बघायला निघालेली गाडीवाली माणसं. तिथून आत डोंगराकडे वळलं की ठाकरांची तीस-बत्तीस घरं लागतात, ती भोकरवाडी. लखमा तिथलाच. शाळा दुसरीपर्यंत, पुढे गुरांमागे, आणि मिसरूड फुटल्यावर बापाच्या हाताखाली बांबूचं काम. भिंतींसाठी कारवीचे कूड बांधायचे, भात साठवायला कणगे विणायचे, वेलांसाठी मांडव घालायचे. मांडव घालण्यात लखमाचा हात धरणारा त्या अंगाला दुसरा कुणी नव्हता. त्याने घातलेला मांडव दोन पावसाळे वाकत नसे.

बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पाखात. चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, असं बाप सांगे. लागत असेल. भुंगा मात्र पाख बघत नाही. जांभळाएवढा, काळाकुळकुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला हा प्राणी वाळक्या बांबूला गिरमिटाने पाडावं तसं गोल भोक पाडतो आणि आत शिरतो. लखमा तरुण होता तेव्हा भुंगा हा त्याचा वैरी होता. आपण राबून घातलेला मांडव हा फुकटचा भाडेकरू पोखरतो, याचा त्याला संताप यायचा. तानी लग्न करून आली त्या वर्षी त्याने काय केलं, तर शेणमाती कालवली आणि मांडवाच्या बांबूंची झाडून सगळी भोकं लिंपून टाकली. आत भुंगे होते, त्यांच्यासकट.

त्या वर्षी तानीने घोसाळ्याचे वेल लावले होते. वेल मांडवभर पसरले, पिवळीधमक फुलं आली आणि गळून गेली. फळ धरेना. शेजारच्या जनाबाईच्या वेलाला घोसाळी लटकलेली, आणि तानीच्या मांडवाखाली नुसता फुलांचा सडा. आठ दिवस तानी सकाळी मांडवाखाली उभी राहून बघत होती. मग घरात येऊन म्हणाली, "जनाबाईच्या फुलांवर तुझे ते काळे पाहुणे येतात. आपल्याकडे नाय येत. तू त्यांना गाडलंस."

लखमा हसला. बायको नवी होती, म्हणून हसण्यावर भागलं. पण पुढच्या वर्षी तिने त्याच्याकडून पाच जुने, वाळके, तोंडाशी उघडे बांबू मागून घेतले आणि परसात दगडी बांधाला टेकवून ठेवले. त्यांना हात लावायचा नाही, असं सांगितलं. दोन वर्षांत त्या बांबूंत भुंग्यांचं बिऱ्हाड वसलं आणि मांडव घोसाळ्यांनी वाकला. तेव्हापासून दर वर्षी बांबू तोडून आणले की त्यातले पाच भुंग्यांचा वाटा म्हणून बाजूला निघत. वाडीत त्यावरून थट्टा चाले. तानीही त्यात सामील. "दुसरीचा नवरा बायकोला लुगडं आणतो," ती पाणवठ्यावर सांगायची, "माझा भुंग्यांना घर बांधतो." म्हणजे कल्पना हिची, आणि नाव त्याचं. पुरुषांचं नाव असंच होतं, त्यात नवल नाही. लखमानेही ते कधी खोडून काढलं नाही.

पण त्याने पुढे जे केलं ते मात्र त्याचं स्वतःचं. तो बघत बसला. बिडी ओढायला म्हणून परसात बसायचा आणि तासन् तास भुंगे बघायचा. भुंगा लाकूड खात नाही, नुसतं कोरतो आणि भुसा बाहेर टाकतो, हे त्याला भोकाखालच्या भुशाच्या ढिगावरून कळलं. एकदा एक बांबू उभा चिरून बघितला, तर आत ओळीने खोल्या. प्रत्येक खोलीत पिवळ्या परागाचा गोळा, त्यावर तांदळाच्या दाण्यासारखं अंडं आणि मध्ये भुशाची भिंत. पोळं नाही, राणी नाही, फौज नाही. एकेकट्याचा संसार. त्या दिवशी चिरलेला बांबू त्याने पुन्हा जुळवून सुतळीने बांधून ठेवला. त्यातून काही निघालं नाही, पण बांधला.

हळूहळू लोक त्याला विचारायला येऊ लागले. घराच्या वाशाला भोक पडलं, हे काय? लखमा भोकात करंगळी घालून बघे. बरोबर बसली तर भुंगा. लाकडावर पिवळट ओघळ असले तर नक्कीच. आणि डसलं तर काय? त्यावर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पहिल्या दिवशी आग, दुसऱ्या दिवशी खाज, तिसऱ्या दिवशी आठवण नाय. सूज सांधा ओलांडत नाय. ओलांडली, तर तो भुंगा नाय." हे वाक्य वाडीतल्या पोराटोरांना पाठ होतं. तानीला तर होतंच.

दोन वर्षांपूर्वी अक्षदा आली. मुरबाडची पोर, कल्याणला कॉलेजात किडे शिकत होती. मांडवाच्या भाज्यांवर कोणत्या माश्या येतात, याचा अभ्यास करायला वाड्या-वाड्या हिंडत होती. तिच्याकडे एक जाड पुस्तक होतं आणि मोबाइलमध्ये भोकरवाडीच्या भुंग्याचे फोटो. फोटोंखाली तिने लिहिलं होतं, 'बंबल बी'. तसं तिला कुणीतरी शिकवलेलं. शिकवणाऱ्यांनाही पुष्कळदा काही येत नसतं.

"बाबा, हे बंबल बी तुमच्याकडे किती दिसतात?" तिने पुस्तकातलं चित्र पुढे केलं.

लखमाने चित्र जवळ धरलं, लांब धरलं. "बाई, ही कुठली? हिने घोंगडी पांघरलीय."

"म्हणजे?"

"अंगभर लव. पाठीवर, पोटावर, पिवळे काळे पट्टे, सगळी केसाळ. आमच्या भुंग्याला छातीवर तेवढी लव असते. पोट बघा त्याचा. तेलाची कढई पुसून ठेवावी तसा. तोंड दिसेल त्यात."

अक्षदाने मोबाइलमधला फोटो मोठा केला. पोट तुळतुळीत, काळं, चकचकीत. केस नाही. ती खाली बसली. मग पुस्तकात तिने आणखी शोधलं आणि तिलाच हसू आलं. घोंगडीवाली बंबल बी थंड डोंगरांतली; पार हिमालयाकडची. जमिनीतल्या उंदरांच्या बिळात घोळक्याने राहणारी. टोकावड्याच्या उन्हात ती यायची कशाला? आपल्याकडचा तो सुतार भुंगा. पोरगी प्रामाणिक. लगेच सगळीकडे नाव खोडून सुधारलं आणि खाली लखमाचं नाव घातलं.

तिनेही त्याला एक गोष्ट शिकवली. परसात एक पिवळा, सोनेरी भुंगाही यायचा. माणूस आला की त्याच्या तोंडासमोर हवेत एका जागी गरगरत राहायचा, जणू आता फोडून काढतो. लखमा त्याला वेगळ्या जातीचा समजत होता. अक्षदा म्हणाली, "बाबा, तो वेगळा नाही. तो नर. या जातीत मादी काळी आणि नर पिवळा. त्याला नांगीच नसते. नुसता दम देतो."

तानी तिथे तांदूळ पाखडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे बायको लाकूड कोरून घर बांधते, आणि नवरा दारात नुसता गरगरतो. हे कळायला कॉलेज कशाला लागतंय, बाई?"

अक्षदा पोट धरून हसली. लखमाही हसला. त्या दिवशी तानीने पोरीला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

ही तानी. बारीक चणीची, तोंडाने फाटकी, हाताने भक्कम. एकच लेक, जया, ती शहापूरकडे शेणव्याला दिलेली. घरात दोघंच. तिच्या भाकरीचा आवाज जनाबाईच्या घरापर्यंत जायचा. पहाटे पाच वाजता धप-धप सुरू झालं की शेजारी म्हणत, उठा, तानी उठली.

गेल्या वर्षी मे महिन्यात अक्षदा निरोप घेऊन आली. वीस तारखेला मधमाशी दिवस असतो, मुरबाडला हॉलमध्ये कार्यक्रम आहे, शेतकरी येणार, शिक्षक येणार, आणि बाबांनी भुंग्यावर बोलायचं. सत्कारही होणार. लखमाने आधी नाही म्हटलं, मग दोनदा विचारलं की माइक हातात धरायचा असतो की उभा असतो. तानीने त्याचा पांढरा सदरा काढला, धुतला, गादीखाली घडी करून दाबला. आठ दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता.

एकोणीस तारखेची दुपार टळली होती. पावसाआधी मांडव उभा करायला हवा होता आणि लखमा ओसरीत बसून उद्या काय बोलायचं ते पुटपुटत होता. तानी म्हणाली, "तू बस भाषण करत, मी बांबू काढते." परसात बांधाला लागून रास होती. खाली नवे बांबू, वर भुंग्यांचे पाच. वरचे हलवले तर भुंग्यांची घरटी मोडतील, म्हणून ती ते कधीच हलवत नसे. खालून हात घालून नवा बांबू ओढून काढायची. इतकी वर्षं तसंच करत आली होती. त्या दिवशीही डावा हात राशीखाली घातला.

ओरडली नाही. "स्स्" केलं आणि हात बाहेर काढला. तेवढ्यात हादऱ्याने वरच्या बांबूतून दोन काळे भुंगे भणभणत बाहेर आले. लखमाने ते ओसरीतून बघितले. डोळ्यांनी बघितले.

"काळी होती का पिवळा?" त्याने विचारलं.

"काळी. ही बघ ना, फिरतेय."

"मग मादी. डसली तुला. आण बघू."

मधल्या बोटावर लाल ठिपका होता. त्याने चुना लावला. तानी म्हणाली, आग होतेय. तो म्हणाला, पहिल्या दिवशी आग. संध्याकाळी तळहात फुगला, पण सूज मनगटाच्या सांध्याआतच होती. जनाबाई बघायला आली, हात उलटापालटा केला आणि म्हणाली, "लखमा, हिला टोकावड्याला दाखव. मला नाय बरा वाटत."

"जनाबाई, भुंगा तू मला शिकवणार?" लखमा म्हणाला. तो रागाने नव्हता बोलला. त्याच्या आवाजात जरा फुशारकी होती, एवढंच. पण ते वाक्य जनाबाई विसरलेली नाही आणि लखमाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानीने त्याला सदरा दिला, टोपी दिली. रात्रीचा भात परतून पुढे ठेवला आणि चहा दिला. डावा हात पदराखाली होता.

"हात कसा हाय गो?"

"आता खाजतोय," तानी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाज. लखमाचा जीव भांड्यात पडला. बरोबर चाललं होतं. "चल ना तू पण," तो म्हणाला. ती म्हणाली, "मी कशाला? तुझी बडबड मी रोज ऐकते. तू जा. नीट बोल. खाकरू नको माइकमध्ये." तो पहिल्या जीपने गेला. वळणावरून त्याने मागे बघितलं तेव्हा ती दारात उभी होती. हात पदराखालीच.

हॉल भरलेला होता. मंचावर मागे मोठा फलक आणि त्यावर हे एवढं मोठं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं केसाळ चित्र. कार्यक्रमवाल्यांनी कुठूनतरी उचललेलं. सुरुवातीलाच लखमाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक दिला. त्याने माइकमध्ये खाकरलं. मग फलकाकडे बोट केलं.

"हे वर जे टांगलंय ना, ते आपल्याकडचं नाय. ही घोंगडीवाली. ही थंडीची. आमच्या भुंग्याला घोंगडी लागत नाय, तो उघडाच फिरतो."

हॉल हसला. अक्षदाने कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती. लखमाला चेव चढला. पोट चकचकीत की केसाळ, ते आधी बघा. घर लाकडात की जमिनीत, ते बघा. एकटा की घोळका. भोकात करंगळी घाला. खाली भुसा शोधा. पिवळा भुंगा तोंडासमोर गरगरला तर घाबरू नका, तो नवरा आहे, त्याला काही येत नाही. बायका टाळ्या वाजवून हसल्या. तानीचा विनोद त्याने आपला म्हणून सांगितला. लिंपलेल्या भोकांची चूक तिने पकडली होती, ते सांगायचं त्याच्या मनात होतं. पण बोलण्याच्या ओघात राहून गेलं. राहून जातंच.

मागून एक बाई उभी राहिली. "बाबा, पण चावला तर कसा ओळखायचा, भुंगा का दुसरा काय?"

"सोपा हाय," लखमा म्हणाला. "पहिल्या दिवशी आग. दुसऱ्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी आठवण नाय. सूज सांधा ओलांडत नाय. ओलांडली, तर..."

तो थांबला.

लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. लखमाच्या कानात काही वाजत नव्हतं. नेमकं तेच. सकाळी काही वाजलं नव्हतं. पहाटे तो उठला, अंघोळ केली, दाढी केली, आणि त्या सगळ्या वेळात भाकरी थापल्याचा आवाज आला नव्हता. रात्रीचा भात होता. भाकरीला दोन हात लागतात. चहाचा कप तिने उजव्या हाताने दिला होता. ज्याला खाज सुटते तो खाजवतो, आणि तानीने तो हात एकदाही पदराबाहेर काढला नव्हता.

माइक त्याने टेबलावर ठेवला. 'मला घरी जायचंय' एवढं तो अक्षदाला म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मुरबाडच्या स्टँडवर जिपा भरायची वाट बघत उभ्या होत्या. जीप भरेपर्यंत ती निघत नाही, हे देवही बदलू शकत नाही. अक्षदाने आपली स्कूटी काढली. रस्ताभर शाल खांद्यावर तशीच फडफडत होती.

घरी जनाबाई होती. तानी भिंतीला टेकून बसली होती. हात कोपराच्या वर सुजलेला, कातडी ताणून काळी-निळी. समोर तांब्या, आणि चूळ भरलेलं पाणी लाल.

"हिरड्यांतून येतंय," जनाबाई म्हणाली. "दहा वाजल्यापासून. मंगळूची जीप बोलावलीय."

लखमा तानीसमोर बसला. "खाजतोय बोललीस ना?"

"तू गेला नसतास," तानी म्हणाली. मग जरा वेळाने, "बोललास का नीट?"

वाडीतला मंगळू जीप घेऊन आला. लखमाने शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली. टोकावड्याच्या डॉक्टरने पहिलं विचारलं, साप बघितला का? लखमा म्हणाला, भुंगा बघितला. डॉक्टरने तानीचं थोडं रक्त काढून काचेच्या बारीक नळीत ठेवलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. निरोगी माणसाचं रक्त तेवढ्यात गोठतं. वीस मिनिटांनी त्याने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"हा भुंगा नाही, बाबा. हे फुरशाचं विष आहे."

त्याच्याकडे होतं-नव्हतं ते सगळं त्याने केलं. इंजेक्शनं दिली, ॲम्ब्युलन्स बोलावली, पुढे कल्याणला पाठवलं, तिथून मुंबईला. कुणी हयगय केली असं म्हणता येणार नाही. फक्त दिवस उलटला होता. शेणव्याहून जया आली तेव्हा आई ओळखत होती, दुसऱ्या दिवशी ओळखेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी मेंदूत रक्त उतरलं आणि तानी गेली. दवाखान्याने तिचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. वर शाल घडी करून ठेवलेली होती.

दहावं झाल्यावर मंगळूने काठीने रास उकरली. तळाशी, बांधाच्या फटीत, वीत-दीड वीत लांबीचं मातकट फुरसं वेटोळं करून बसलेलं होतं. डोक्यावर बाणासारखी खूण. अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज काढत होतं. लखमा बघत उभा राहिला. हा आवाज त्याला ओळखीचा नव्हता. तीस वर्षं त्या परसात बसून त्याने नुसती भुंग्यांची भणभण ऐकली होती.

जया म्हणाली, "बाबा, जाळून टाक हे बांबू. सगळे." मंगळूही तेच म्हणाला. लखमाने ऐकलं नाही. नवे बांबू त्याने वाटून टाकले. भुंग्यांचे पाच उचलले, तारेने बांधले आणि वळचणीखाली छातीइतक्या उंचीवर टांगले. खालून आरपार दिसतं, कुणाला हात घालावा लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. तीस वर्षांत केव्हाही करता आलं असतं.

वाडीत त्याला कुणी बोल लावला नाही. जनाबाई त्याच्या घरी रोज कालवण पाठवते, पण त्या संध्याकाळचं काही काढत नाही. तिने एकदा तोंडावर सुनावलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. सुनावणारी एकच होती.

या जानेवारीत अक्षदा पुन्हा आली. भुंग्याची ओळख सांगणारी छोटी पुस्तिका छापायची होती, सगळ्या खुणा लखमाच्या, त्याला वाचून दाखवायच्या होत्या. ती वाचत गेली. पोट चकचकीत. बरोबर. लाकडात गोल भोक, खाली भुसा. बरोबर. नर पिवळा, त्याला नांगी नाही. बंबल बी केसाळ, जमिनीत राहते, आपल्या भागात नाही. बरोबर.

"ती भोकं लिंपल्याची गोष्ट घाला," लखमा म्हणाला. "आणि ती चूक तानीने पकडली असं लिहा. माझं नाव नको."

तिने लिहून घेतलं. मग शेवटची खूण वाचली. पहिल्या दिवशी आग, दुसऱ्या दिवशी खाज.

"ती ओळ खोडा."

"बाबा, मी डॉक्टरांनाही विचारलं. बहुतेक वेळा तसंच होतं. ओळ चुकीची नाही." अक्षदाचा आवाज हळू झाला. "चूक ओळीची नव्हती."

"चुकीची असती तर बरा झाला असता, बाई," लखमा म्हणाला. "कुणी मानली नसती. ती तिला पाठ होती. तिने मला तीच सांगितली."

अक्षदाने पेन काढलं आणि ओळ खोडली. त्या जागी काय लिहायचं, तिने विचारलं. लखमा म्हणाला, "लिहा, आधी दवाखाना. भुंगा मागनं ओळखा."

जया महिन्यातून एकदा शेणव्याहून येते. दोन बस बदलून दुपारपर्यंत पोचते, घर झाडते, चूल पेटवते. लखमा ओसरीत बसलेला असतो. वर वळचणीला भुंगे ये-जा करत असतात आणि एखादा पिवळा त्याच्या तोंडासमोर येऊन गरगरतो. तो त्याला हाकलत नाही. जया चहाचा कप पुढे करते. तो कप घेत नाही.

"दुसरा हात," तो म्हणतो.

पहिल्यांदा जया चिडली होती. दुसऱ्यांदा रडली. आता ती कप खाली ठेवते, दोन्ही हात पालथे करून त्याच्यासमोर धरते, मग उलटे करते. तो बोट-बोट बघून घेतो. मनगटं बघतो. कोपरापर्यंत बघतो.

"बरं," तो म्हणतो, आणि चहा घेतो. तोवर तो निवलेला असतो.